अमूर्त चित्र आणि सहा वर्षांचा प्रेक्षक

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर आलेलं मोठं माणूस आधी शेजारची पाटी वाचतं. पाटीवर बहुतेक वेळा ‘शीर्षक नाही’ आणि साल एवढंच असतं. तिथे काही हाती लागलं नाही की त्याला किंमत आठवते. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईत ख्रिस्टीजने केलेल्या लिलावात गायतोंडे यांचं १९७९ मधलं एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकलं गेलं, ही बातमी चित्रकलेशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही वाचलेली असते. पाटी आणि किंमत या दोन्हींच्या मध्ये चित्र बघायचं तेवढं राहून जातं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पाटी धड वाचता येत नाही आणि कोटी म्हणजे किती हेही ठाऊक नसतं, त्यामुळे ते नाइलाजाने का होईना, चित्राकडे बघतं. तरीही ‘लहान मुलांना अमूर्त चित्र समजावून कसं सांगायचं?’ असं पालक आणि शिक्षक विचारतात, तेव्हा अडचण मुलाची आहे असं त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. या प्रकरणाचं म्हणणं उलट आहे. अमूर्त चित्राचं वावडं मुलाला मुळात नसतं. ते सात-आठ वर्षांच्या सुमाराला सुरू होतं आणि त्यात आपला हातभार मोठा असतो. म्हणून चित्रात काय दडलंय ते सांगत बसण्यापेक्षा चित्र कसं घडत गेलं ते मुलाला शोधायला लावणं, हीच समजावण्याची खरी रीत ठरते.

मूल पहिल्यांदा हातात खडू धरतं तेव्हा ते कशाचंही चित्र काढत नसतं. दीड-दोन वर्षांचं पोर भिंतीवर, फरशीवर, ताईच्या वहीवर गिरगोट्या ओढतं. हात हलला की मागे रेघ उरते, या शोधाचाच त्याला आनंद असतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. त्यात साधारण दोन ते चार वर्षांचा काळ गिरगोट्यांचा आहे आणि ओळखू येणाऱ्या आकृत्या त्यानंतर येतात. सॅन फ्रान्सिस्कोत बालवाडीच्या मुलांमध्ये काम करणाऱ्या ऱ्होडा केलॉग यांनी तर मुलांची लाखो चित्रं जमवली आणि त्यांतून वीस मूळ गिरगोट्या वेगळ्या काढल्या: ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोड, वेटोळं अशा. त्यांच्या मते मूल या रेघांतून वर्तुळ, चौकोन, फुली अशा आकारांकडे जातं आणि ते आकार एकमेकांत बसवून बघतं. कधी ते वर्तुळात फुली मारतं, कधी वर्तुळाला किरण फोडतं, आणि मग केव्हातरी त्या किरणांच्या वर्तुळाला डोळे फुटून माणूस तयार होतो. केलॉग यांचे सगळेच निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी मान्य केले असं नाही. जगभरची मुलं याच क्रमाने जातात, या त्यांच्या दाव्यावर बरेच आक्षेप आले. पण एवढं कुठल्याही बालवाडीच्या भिंतीवर तपासून बघता येतं की रेघ आणि आकार आधी येतात, वस्तू मागाहून येते.

यावर कुणी म्हणेल, की मूल आकार काढतं हे खरं, पण ते त्याला वस्तू काढता येत नाही म्हणून. असमर्थतेला अमूर्ताची आवड म्हणणं ही मोठ्यांची हौस झाली. आक्षेप रास्त आहे आणि अर्धा खराही आहे. म्हणून मूल काढतं कसं याच्या जोडीला मूल बघतं कसं, हेही तपासायला हवं. पॉल ब्लूम आणि लोरी मार्कसन यांनी १९९८ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना एक फुगा आणि एक लॉलिपॉप काढायला सांगितलं. दोन्ही चित्रं साहजिकच जवळपास सारखी आली, एक गोळा आणि त्याला लटकलेली रेघ. थोड्या वेळाने ‘हे काय?’ असं विचारल्यावर मुलांनी काढताना आपल्या मनात जे होतं त्यानुसार नावं सांगितली. म्हणजे चित्र हुबेहूब दिसलं तरच ते चित्र, असा मुलांचा हट्ट नसतो. कागदावरच्या रेघेमागे कुणाचा तरी बेत असतो, हे त्यांना शाळेत जायच्या आधी कळतं. आकारांना स्वतःचा स्वभाव असतो, हेही त्यांना कळतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर यांनी १९२९ मध्ये एक टोकदार आणि एक गोलसर आकृती दाखवून, दोन बनावट नावांपैकी कुठलं कुणाचं, असं विचारलं होतं. खटकेदार उच्चाराचं नाव टोकदार आकृतीला जातं आणि गुबगुबीत उच्चाराचं गोलसर आकृतीला, असं त्यांना आढळलं. डॅफ्ने मॉरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जेमतेम अडीच वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग केला आणि त्याच धर्तीचं उत्तर मिळालं. ज्याला अजून नीट बोलता येत नाही, त्यालाही कोन बोचतो आणि वळण मऊ लागतं. अमूर्त चित्रकाराच्या हाती याहून वेगळं भांडवल नसतं.

मग बिघडतं कुठे? मायकेल पार्सन्स यांनी बालवाडीतल्या मुलांपासून कलेच्या प्राध्यापकांपर्यंत शेकडो जणांशी चित्रांविषयी बोलून १९८७ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात सगळ्यात लहान मुलं जवळपास कुठल्याही चित्रावर खूश असतात. रंग आवडला, एवढं त्यांना पुरतं. त्याच्या पुढच्या पायरीवर मात्र चित्र सुंदर वस्तूचं असावं आणि ती वस्तू खरीखुरी दिसावी, अशी मागणी सुरू होते. प्राथमिक शाळेतली बरीच मुलं या पायरीवर असतात. यात वाढीचा भाग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नियम शिकण्याचं वय आहे ते. मूल भाषेचे, खेळाचे नियम शिकतं तसे चित्राचेही शिकतं. पण नियम पुरवतो कोण? चार वर्षांची मुलगी कागद पुढे करते आणि घरातलं प्रत्येक माणूस विचारतं, ‘अरे वा, काय काढलंस?’ हा प्रश्न प्रेमाचा असतो, तरी त्याने एक गोष्ट पक्की होते की कशाचं तरी काढायला हवं होतं. मग ती ऐनवेळी काहीतरी नाव ठोकून देते. फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी १९२७ मध्येच लिहून ठेवलं आहे की मूल आधी रेघा ओढतं आणि मागाहून त्यात योगायोगाने दिसलेल्या वस्तूचं नाव देतं. आपण त्या मागाहूनच्या नावालाच शाबासकी देतो. दोन-तीन वर्षं अशी गेली की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, एक झोपडी आणि एक नारळाचं झाड असलेलं ते ठरलेलं निसर्गचित्र महाराष्ट्रातल्या वर्गावर्गांतून, अगदी कोरड्या दुष्काळी तालुक्यांतूनसुद्धा, एकाच छापाचं निघू लागतं. गंमत म्हणजे त्याच शाळांतली मुलं पुढे एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा देतात तेव्हा संकल्पचित्राच्या पेपरात चौकोन-वर्तुळांची निखळ अमूर्त मांडणी बिनतक्रार करतात. तिथे ‘हे काय आहे?’ असं कुणी विचारत नाही. रंगसंगती आणि तोल यांवर गुण मिळतात, बस्स. म्हणजे अमूर्ताची ओळख अभ्यासक्रमात आहेच. ‘चित्र’ या नावाच्या खोलीत तिला प्रवेश नाही, इतकंच.

आता प्रत्यक्ष समजावण्याकडे येऊ. ज्या मुलाची ‘दिसतं तसं असलं पाहिजे’ ही मागणी सुरू झालेली आहे, त्याच्यासाठी पाब्लो पिकासोच्या बैलाइतकी चांगली सुरुवात नाही. डिसेंबर १९४५ ते जानेवारी १९४६ या काळात पॅरिसमधल्या मूर्लो यांच्या छापखान्यात पिकासोने शिळाछापाच्या एकाच दगडावर एक बैल काढला, त्याचा ठसा घेतला, मग दगडावरचं चित्र खरवडून बदललं, पुन्हा ठसा घेतला. असे अकरा टप्पे आहेत. पहिला बैल सरळसाधा, कुणालाही ओळखू येणारा. दुसरा अधिक काळा, अधिक जड, जणू पिकासोला आधी त्याचा आडदांडपणा पुरता अंगात भिनवून घ्यायचा होता. त्यानंतर अंगावर रेघा पडू लागतात, खांदा कुठे संपतो, पोट कुठे सुरू होतं, मागचा पाय कुठून निघतो, याची फोड होते. पुढे एकेक गोष्ट गळत जाते: आधी केस, मग छटा, मग स्नायू. डोकं आक्रसत जातं. अकराव्या ठशात उरतात काही मोजक्या रेघा, त्यात पाठीची एक लांब सलग ओळ, आणि भल्यामोठ्या धडापुढे शिंगं लावलेलं इवलंसं डोकं. पण तो बैलच आहे, आणि बैलाचा भार पहिल्या चित्रापेक्षा शेवटच्या चित्रात जास्त जाणवतो, असं माझं मत आहे. मुलांसमोर हे अकरा ठसे क्रम न सांगता पसरून ठेवावेत आणि लावायला सांगावेत. कोणता आधी, कोणता नंतर, काय गेलं, काय मुद्दाम ठेवलं, यावर मुलं भांडतात, आणि भांडता भांडता त्यांना कळतं की रेघा कमी असणं म्हणजे काम कमी असणं नव्हे. डच चित्रकार पीट मोंड्रियान याची झाडंही अशीच लावून बघता येतात. १९०८ च्या सुमाराला सुरू केलेलं लाल झाड, १९११ चं करडं झाड, १९१२ चं फुललेलं सफरचंदाचं झाड, अशा क्रमात फांद्यांची जाळी तेवढी उरत जाते.

पण इथेच थांबलं तर घोटाळा होतो, आणि मुलांसाठी अमूर्त चित्रावर लिहिणारे पुष्कळ जण इथेच थांबतात. बैलाची शिडी उतरून मूल एकच निष्कर्ष काढतं की प्रत्येक अमूर्त चित्रात कुठेतरी बैल लपलेला आहे, तो सापडला की चित्र संपलं. मग ते गायतोंडे यांच्या चित्रात मासे, बोटी, ढग शोधू लागतं. वस्तूत आकृती शोधण्याचा खेळ फार सुंदर आहे. इंदूरचे विष्णू चिंचाळकर गुरुजी वाळक्या पानांत आणि टाकाऊ तुकड्यांत पक्षी-प्राणी दाखवून मुलांना वेड लावत, त्या खेळाला तोड नाही. अमूर्त चित्र बघण्याची रीत मात्र वेगळी आहे. तिथे आकृती सापडली नाही तरी बघणं चालू राहायला हवं. यासाठी दुसरा धडा लागतो आणि तो कृतीचा आहे. नागपुरात १९२४ मध्ये गोव्याच्या कुटुंबात जन्मलेले, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले गायतोंडे कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी रंग लावत. पातळ रंगाचा एक थर, तो वाळला की दुसरा, मग काही ठिकाणी रंग ओढून काढलेला, काही ठिकाणी कागदाचे फाटके तुकडे दाबून उचलल्यावर उमटलेले ठसे. चित्रं वर्षाला मोजकीच होत, कारण बराच वेळ नुसतं बघण्यात आणि विचारात जाई. हे मुलाला सांगितलं की चित्रासमोर विचारायचे प्रश्नच बदलतात. खालचा रंग कोणता असेल? तो कुठे डोकावतो? हा ठसा आधीचा की त्यावरची चमक आधीची? हात कुठे जोरात दाबला गेलाय? कुठे चित्रकार थांबला? सहा वर्षांचं मूल या प्रश्नांना उत्तरं देऊ शकतं आणि ती कॅनव्हासवर तपासताही येतात. घरी वर्तमानपत्राचा तुकडा रंगात बुडवून कोऱ्या कागदावर दाबायला दिला, की पुढच्या खेपेला ते त्या ठशाजवळ आपसूक थांबतं.

यावर शिक्षकांचा एक ठरलेला प्रश्न असतो: उत्तर चूक-बरोबर नसेल तर मूल काहीही बोलेल, मग त्यात शिकणं काय? काहीही चालतं, असं मुळीच नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षणविभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांनी चित्रं बघण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात प्रश्न तीनच आहेत: चित्रात काय चाललंय, कशावरून म्हणतोस, आणि आणखी काय दिसतं. सगळं बळ मधल्या प्रश्नात आहे. एखादं मूल म्हणालं, ‘इथे पाऊस पडून गेलाय’, तर मोठ्यांनी ‘छान’ही म्हणू नये आणि ‘नाही’ही म्हणू नये. ‘कशावरून?’ एवढं विचारावं. मूल वरच्या करड्या थराकडे, खाली ओघळलेल्या रंगाकडे बोट दाखवेल, तर त्याचं विधान चित्रावर उभं आहे. ‘मला पाऊस आवडतो म्हणून’ असं म्हणालं, तर ते पावसाबद्दल बोलतंय, चित्राबद्दल नाही, आणि हा फरक वर्गातल्या बाकी मुलांना न सांगता कळतो. पुरावा दाखवून बोलण्याची ही सवय विज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडते, पण त्यासाठी तिची शिफारस करणं मला पसंत नाही. चित्र नीट बघता येणं हे स्वतःच पुरेसं कारण आहे.

दुसरा आक्षेप घराघरांत ऐकू येतो: हे तर आमचं पोरही काढेल. याचं उत्तर चिडून देण्याची गरज नाही, कारण ते तपासून झालेलं आहे. अँजेलिना हॉली-डोलन आणि एलन विनर यांनी २०११ मध्ये नावाजलेल्या अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि त्यांच्यासारखीच दिसणारी मुलांची, चिंपँझींची, हत्तींची चित्रं जोडीजोडीने लोकांना दाखवली. काही वेळा नावाच्या चिठ्ठ्याही मुद्दाम अदलाबदल करून लावल्या. तरीही कलेचं शिक्षण नसलेल्यांनीसुद्धा चित्रकाराचं चित्र नुसत्या नशिबाने जमेल त्यापेक्षा जास्त वेळा निवडलं, आणि त्यामागे काही हेतू दिसतो असं कारण दिलं. प्रत्येक वेळी मात्र निवड बरोबर आली नाही, हेही सांगायला हवं. चुकण्याचं प्रमाण चांगलंच होतं. तेव्हा आक्षेप घेणारा अगदीच वेडा नाही. मुलाच्या चित्रात खरोखर काहीतरी असतं, म्हणून तर चित्रकार पाउल क्ले याने आपल्या कामांची यादी केली तेव्हा स्वतःची बालपणची चित्रंही तीत घातली. फरक बहुधा थांबण्यात असतो. बालवाडीतल्या कुठल्याही ताईंना हे माहीत असतं की चांगलं जमलेलं चित्र वेळीच उचललं नाही तर मूल त्यावर रंग ओततच राहतं आणि शेवटी सगळ्याचा तपकिरी चिखल होतो. कुठे थांबायचं हे ठरवायला चित्रकाराला अर्धं आयुष्य लागतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगितलं तर त्याचा अपमान होत नाही, उलट एक कामाची गोष्ट कळते.

तिसरा आक्षेप म्हणजे हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे. कँडिन्स्की, मोंड्रियान, क्ले ही नावं युरोपातली आहेत आणि आपल्या चित्रकारांनी त्यांच्याकडून घेतलं, यात लपवण्यासारखं काही नाही. पण बघणाऱ्या मुलाला हे परकं का वाटावं? त्याच्या दारात ठिपके मांडून रेघांनी जोडलेली रांगोळी असते. गावाबाहेरच्या देवळीत नाक-डोळे नसलेला, शेंदूर लावलेला तांदळा असतो आणि त्यापुढे हात जोडताना ‘देवासारखा दिसत नाही’ अशी तक्रार कुणी करत नाही. तराणा ऐकताना ‘हे कशाचं गाणं?’ असं त्याला विचारावंसं वाटत नाही. ‘तन देरे ना’ला अर्थ नसला तरी ठेका आणि सूर त्याला पुरतात. चित्रकार सय्यद हैदर रझा स्वतः सांगत, की मध्य प्रदेशातल्या खेड्यात शिकत असताना चंचल मन ठिकाणावर यावं म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याकडे बघत बसायला लावलं होतं. पुढे फ्रान्समध्ये तीसेक वर्षं काढल्यावर, १९८० च्या आसपास, तो बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी येऊन बसला. त्या गुरुजींनी बिंदूचा अर्थ सांगितला नाही, नुसतं बघायला सांगितलं, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आधी हुबेहूब काढायला शिकू दे, मग अमूर्त बघू, असं म्हणणाऱ्यांसाठी एकच वाक्य: काढण्याचा क्रम तसा ठेवायचा तर ठेवा, बघण्याला तो लावू नका, कारण सातव्या-आठव्या वर्षानंतर जे दार अर्धं लोटलं जातं, ते त्याआधी सताड उघडं असतं.

हे सगळं मोबाइलवर दाखवून भागत नाही. पडद्यावर गायतोंडे यांचे थर सपाट होतात, ठसे पुसट होतात आणि चार फुटांचं चित्र तळहाताएवढं होतं. मुलाला त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी मुंबईत काळा घोड्याजवळ सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये असलेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मुलांना न्यावं. जवळच १९५२ पासून सुरू असलेलं जहांगीर कलादालन आहे, तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सगळी दालनं पालथी घालू नका. मुलालाच एक चित्र निवडू द्या, त्यासमोर फरशीवर बसा आणि त्याने ऊठ म्हटल्याशिवाय उठू नका. किंमत सांगू नका. संग्रहालय सोमवारी बंद असतं.